आखाजीच्या संध्याकाळी आजीची चिनीमाती टेबलावर कशी मांडायची

खान्देशातल्या जुन्या घरांमध्ये चिनीमाती हमखास सापडते, कोणाकडे अख्खा डिनर सेट, कोणाकडे सहातल्या चार उरलेल्या कपबश्या, कोणाकडे निळ्या नक्षीची एकच थोरली बशी जिच्यात साहेब लोक घरी आले की फराळ जायचा. आणि असते कुठे, तर फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नाहीतर माळ्यावरच्या पेटीत, पेपरात गुंडाळलेली. फुटेल म्हणून कोणी काढत नाही, आणि मग घरातलं मोठं माणूस गेलं की ती कोणाची, कुठून आली हे सांगणारंही कोणी राहत नाही. मला हे खरंच मनाला लागतं. भांडं जेवायला घडवलंय तर त्यात जेवावं, वर्षातून एकदा का होईना.

आणि त्यासाठी आखाजीसारखा, म्हणजे अक्षय्य तृतीयेसारखा, मोका नाही. वैशाख लागलेला, आंबा उतरलेला, झोके बांधलेले, लेकीबाळी माहेरी. एक आधीच सांगते, आखाजीच्या दुपारचं जेवण, म्हणजे घागर भरून, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवून, पित्रांना नैवेद्य दाखवून जे होतं ते तुमच्या घरच्या रीतीनेच होऊ द्या, त्यात काही बदलू नका. मी म्हणतेय ते संध्याकाळचं जेवण, किंवा दुसऱ्या दिवशीचं, जेव्हा बायकांना थोडा श्वास घ्यायला मिळालेला असतो आणि सगळे निवांत गच्चीवर किंवा अंगणात बसू शकतात. दिवसा आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो त्यामुळे रात्री साडेसात-आठच्या आधी बाहेर बसायचा विचारच करू नका.

सुरुवात मात्र आठवडाभर आधी करायची. सगळं बाहेर काढून सतरंजीवर मांडा, दिवसाउजेडी. एकेक बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलून धरा आणि कडेला बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. टणण् असा लांबलेला आवाज आला तर बशी धड आहे, थड् असा बसका आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, डोळ्यांना दिसत नसला तरी आहे. माठ घेताना आपण करतो तेच. बसक्या आवाजाची बशी जेवायला नाही, ती बाजूला.

मग तीच बशी उजेडासमोर धरा आणि मागून हात फिरवा. बोटांची सावली आरपार दिसली तर ती बोन चायना किंवा चांगली पोर्सिलेन आहे. बोन चायनात जनावरांच्या हाडांची राख घातलेली असते, अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटला जोसाया स्पोडने ही पद्धत नीट बसवली आणि मग ती सगळीकडे गेली. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ आहेत, जेवायला येणाऱ्यांत कोणाला हे चालत नसेल तर त्यांचं पान वेगळं मांडा, आणि हे आधी विचारून घ्या, ताटावर बसल्यावर नाही.

बशी पालथी करून शिक्का वाचायला विसरू नका, मला तर हा सगळ्यात आवडता भाग आहे. ग्वाल्हेर पॉटरीज किंवा बंगाल पॉटरीज असं असेल तर माल देशी. 'मेड इन ऑक्युपाईड जपान' असं दिसलं तर ती महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात असतानाची, म्हणजे १९४५ ते १९५२ मधली. आणि भुसावळकडच्या घरांनी तर जास्तच लक्ष द्यावं, कारण रेल्वेत नोकऱ्या केलेली माणसं तिकडे घरटी एक, आणि एखाद्या जाड पांढऱ्या बशीवर जीआयपी अशी अक्षरं निघाली तर ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळातली धरायला हरकत नाही, कारण नोव्हेंबर १९५१ मध्ये त्या रेल्वेची मध्य रेल्वे झाली. जे काय सापडेल ते वहीत लिहून ठेवा, आणि घरातल्या मोठ्यांना फोन करून विचारा की ही कोणाच्या लग्नातली. मोठी माय हयात असेल तर तिलाच खुर्ची टाकून बसवा समोर. "हाई तं मनी मायनी बशी शे" (ही तर माझ्या आईची बशी आहे) असं म्हणून ती जे सांगायला लागेल ते कुठल्या शिक्क्यात लिहिलेलं नसतं.

आता जरा काळजीचा विषय, आणि तो टाळू नका. जुन्या चिनीमातीच्या झिलईत आणि रंगांत शिसं असू शकतं, लाल-पिवळ्या-केशरी रंगांत कॅडमियमही असतं. बशी धड असली आणि नक्षी झिलईच्या खाली असली तर त्रास कमी, पण नक्षी झिलईच्या वरून काढलेली असेल, म्हणजे बोट फिरवल्यावर फुलं हाताला लागतात, आणि ती झिजलेली असेल किंवा झिलईवर केसासारख्या बारीक चिरांचं जाळं पडलेलं असेल तर तिच्यात खायचं वाढू नका. आंबट तर अजिबातच नाही. आंबट पदार्थ शिसं ओढून घेतो, आणि आपलं वैशाखातलं खाणं बघा ना, पन्हं, कैरीचं लोणचं, चिंचेचं सार, लिंबू, सगळं आंबट. आमरससुद्धा दिसतो गोड पण त्यात आंबटपणा असतोच. म्हणून माझा नियम सरळ आहे, आंबट आणि पातळ ते काचेच्या नव्या वाटीत, आणि ती वाटी जुन्या बशीत. बशी दिसते, वाटी काम करते. माहेरी आलेली लेक गरोदर असेल किंवा पंगतीत लहान पोरं असतील तर त्यांना जेवायला नवीच ताटं द्या, आणि त्यांच्यापुढे जुनी चिनीमाती फुलांपुरती ठेवा, उगाच जोखीम कशाला.

धुताना पण विचार करून. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चटका बसेल असं येतं, त्याखाली थेट बशी धरली तर एका झटक्यात तडकू शकते, म्हणून हे काम सकाळीच उरका. प्लॅस्टिकच्या घमेल्यात तळाला जाड टॉवेल अंथरा, कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड अगदी थोडं, आणि एका वेळी एकच भांडं. तारेची घासणी, राख, चिंच हे सगळं पितळेसाठी ठेवा, चिनीमातीला हाताने नाहीतर मऊ स्पंजने. सोनेरी रेघ असेल तिथे तर चोळायचंच नाही, ती रेघ झिलईच्या वर असते आणि निघून जाते, आणि तसली बशी मायक्रोवेव्हमध्येही घालायची नाही, ठिणग्या उडतात. कपातले चहाचे डाग ओल्या बोटावर खायचा सोडा घेऊन हळूच चोळले की जातात. बोअरचं जड पाणी असेल तर भांडं वाऱ्यावर सुकू देऊ नका, पांढरे ठिपके पडतात, लगेच धोतराच्या जुन्या मऊ कापडाने पुसा.

हळदीचे पिवळे डाग दिसले तर घाबरू नका. हळदीचा रंग उन्हात उडतो, आणि ऊन आपल्याकडे भरपूर आहे. बशी धुऊन दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, बराचसा डाग निघून जातो. फक्त उन्हातून आणल्याआणल्या तिच्यावर पाणी ओतू नका, सावलीत निवू द्या.

आता टेबल. दर माणसाला दोन फूट जागा धरा, म्हणजे सहा फुटी टेबलावर एका बाजूला तीन, त्याहून जास्त कोंबलं की कोपर लागून काहीतरी पडणार. सगळ्यात खाली गोधडी अंथरा, हो, गोधडीच, पातळशी. वर जेवायची चादर. गोधडीमुळे बशी टेकताना आवाज होत नाही आणि कोणाच्या हातून थोडी आदळली तरी वाचते, हॉटेलवाले यासाठी खास कापड विकत आणतात, आपल्या घरात ते आजीने हाताने शिवून ठेवलेलंच आहे. चादरीसाठी नवं काही आणू नका, आईची एखादी विरलेली सुती साडी, फिक्या रंगाची, दुहेरी घडी करून टाका, काठ टेबलाच्या कडेने खाली येऊ द्या. बश्यांवर फुलांची नक्षी असेल तर साडी साधी हवी, बश्या पांढऱ्या असतील तर साडीला काय हवं ते चालेल.

मधोमध केळीचं पान. रावेर-यावलकडे कोणी नात्यातलं असेल तर मागवायचीही गरज नाही, आपसूक येतात. पण पानाचा चीक कापडावर लागला की तो काळपट डाग जन्मात निघत नाही, म्हणून पान आदल्या दिवशीच कापून, देठाकडचा भाग काढून टाकून, पुसून, निथळत उभं करून ठेवा. लांब मधलं पान टेबलाच्या लांबीने टाकलं की त्यावर निळ्या-पांढऱ्या बश्या काय दिसतात म्हणून सांगू. आणि प्रत्येकाच्या बशीखाली पळसाची पत्रावळ ठेवा, सातपुड्याकडून येते ती काड्यांनी टाचलेली. बशीपेक्षा पत्रावळ मोठी असते त्यामुळे भोवती पानांची गोल किनार दिसते, शिवाय पापडाचा चुरा, आंब्याची कोय ठेवायला जागा होते.

बश्या सगळ्या एकसारख्या नाहीत म्हणून हिरमुसू नका, कोणाच्याच नसतात. युक्ती एवढीच की एखादी गोष्ट सगळ्यांची सारखी ठेवायची. पेले सगळे स्टीलचे एकाच जातीचे, वाट्या सगळ्या साध्या काचेच्या, मग बश्या पाच प्रकारच्या असल्या तरी टेबल एक दिसतं. गुलाबाच्या नक्षीच्या तीन आणि निळ्या तीन असतील तर आलटून पालटून मांडा, तिकडे तीन इकडे तीन असं नको, नाहीतर ते दोन सासरचे दोन गट बसल्यासारखं वाटतं. एखादी एकटीच उरलेली सुंदर बशी असेल तर ती घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसापुढे.

खरी अडचण पुढे आहे. इंग्रजी पद्धतीच्या डिनर प्लेटा उथळ असतात, आणि आपलं जेवण पातळ. पुरणपोळीबरोबर सार, आमरस, दूध, तूप, वरून भाजीचा रस्सा, हे सगळं एका सपाट बशीत वाढलं तर एकमेकांत पळतं. म्हणून जुन्या सेटमधल्या प्रत्येक भांड्याला त्याला झेपेल असं काम शोधून द्यायचं, आणि यात फार मजा येते. मोठ्या बशीत फक्त पोळी, कुरडई आणि कोरडी भाजी. आमरस काचेच्या वाटीत, ती वाटी सूप प्लेटमध्ये. कपाखालच्या सुट्ट्या बश्या असतात ना ज्यांचे कप कधीच फुटले, त्यांच्यात मीठ, ठेचा आणि लोणचं मधोमध छोट्या काचेच्या द्रोणात. मीठ डावीकडे वर, भाजी उजवीकडे हे आपलं चिनीमातीतही तसंच ठेवा, वाढणाऱ्याचा हात त्याच सवयीने चालतो. ग्रेव्हीसाठी ती चोचीची होडी असते तिच्यात पातळ केलेलं साजूक तूप, पोळीवर धार सोडायला त्याहून चांगलं भांडं मिळायचं नाही. साखरदाणीत किसलेला गूळ. उभ्या पायाचं केक स्टँड कोणाकडे असेल तर त्यावर बिबड्या, पापड, कुरडया उंच रचा. चहाची किटली पन्ह्याला वापरावीशी वाटेल, पण आंबटाचा नियम लक्षात ठेवा, पन्हं माठातल्या पाण्याचं करून काचेच्या जगातच ठेवा आणि किटलीत मोगरा घाला.

शेवभाजी करणार असाल तर ती जुन्या चिनीमातीत नकोच. लाल तेलाची तर्री बारीक चिरांमध्ये उतरली की तो केशरी डाग उन्हालाही दाद देत नाही. ती स्टीलमध्ये येऊ दे, कोणी काही म्हणणार नाही. आणि चुलीवरून उतरलेलं उकळतं सार थेट वाढायचं नाही, दहा मिनिटं निवू द्या. खापरावरची गरम पोळी मात्र खुशाल टाका, तिने काही होत नाही.

काटे-सुऱ्या मांडू नका, आपण हाताने जेवतो, उजवीकडे रसासाठी एक चमचा पुरे. त्याऐवजी हात धुवायला प्रत्येक दोघांमध्ये एक चिनीमातीचा बोल, कोमट पाणी, लिंबाची चकती. इथे जुना चिरा पडलेला बोलही चालतो, ते काही पोटात जात नाही. पुसायला पंचाचे चौकोन कापून, कडा शिवून.

पितळेबद्दल एक सांगते. आपल्याकडे जुन्या तांब्या-फुलपात्रांवर नावं घातलेली असतात, अमक्याच्या लग्नात तमक्याकडून, तारखेसह. ती फुलपात्रं पाण्यासाठी काढा, चिंच-मीठ लावून घासा, आणि ज्याच्या आजीचं किंवा आत्याचं नाव आहे त्याच्या पुढे ते ठेवा. वेगळी नावाची चिठ्ठी लिहायला नको, माणूस नाव वाचून आपली जागा ओळखतो आणि तिथूनच गप्पा सुरू होतात. फक्त पाणीच हं, ताक किंवा पन्हं घालायचं तर आतून कल्हई केलेली हवी.

आणि एक अवघड गोष्ट, पण लिहायला हवी. आपल्या गावांतल्या काही घरांत ओसरीच्या कोनाड्यात किंवा वळचणीला एक कपबशी वेगळी ठेवलेली असायची, ती कोणासाठी आणि का हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पेटीत तशी एखादी जाड, कडा उडालेली कपबशी सापडली तर गुपचूप फेकू नका. ती टेबलावर आणा, पोरांनी विचारलं तर खरं सांगा की आपल्या घरात असं होत होतं आणि ते चूक होतं. आणि जेवायला बोलावताना फक्त नात्यातलेच बोलावू नका, ज्यांच्या आजोबांना आपल्या ओसरीच्या आत येऊ दिलं नाही त्यांच्या घरच्यांनाही बोलवा, आणि सगळ्यात चांगली बशी त्यांच्यापुढे ठेवा. वारसा घ्यायचा तर असा पूर्ण घ्यायचा.

फुलं बुटकी ठेवा, समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. कान तुटलेल्या कपांत मोगऱ्याच्या कळ्या, बहाव्याचा एखादा पिवळा घोस, कडुनिंबाचा डहाळा. मोगरा मूठभरच, फार झाला तर पुरणाचा वास दबतो. मेणबत्त्या आपल्याकडे टिकत नाहीत, दिवसभर तापलेल्या घरात ठेवलेली मेणबत्ती संध्याकाळपर्यंत वाकते, त्यापेक्षा कंदील नाहीतर काचेच्या पेल्यात तेलाचा दिवा. वैशाखात संध्याकाळी अचानक वावटळ सुटते, तेव्हा साडीच्या चारही कोपऱ्यांना आतून धुणं वाळत घालायचे चिमटे लावा, उंच काही ठेवू नका, आणि आभाळ भरून आलं तर भांडी उचलायला चार हात आधीच ठरवून ठेवा. बश्या मांडायच्या त्या अगदी जेवायच्या आधी, नाहीतर धूळ बसते.

जेवण झाल्यावर उष्ट्या बश्यांची चळत लावायची नाही, एकीच्या बुडाची खरखरीत कड दुसरीच्या सोन्याच्या रेघेवर घासते. रात्री थकलेल्या हातांनी धुवायच्या पण नाहीत. खरकटं काढून कोमट पाण्याचा हात फिरवून टॉवेलवर सुट्ट्या पसरून ठेवा, सकाळी धुवा. परत ठेवताना दोन बश्यांमध्ये सुती कापडाचा तुकडा, वर्तमानपत्र नको, दमटपणात शाई उतरते. कप कानाला अडकवून टांगायचे नाहीत, उपडेही नाही, सरळ ठेवायचे. वहीतलं ते पान, कोणतं भांडं कोणाचं, झेरॉक्स काढून पेटीतच ठेवा.

लेकी सासरी निघताना मी तर म्हणते प्रत्येकीला एकेक बशी द्या, सेट मोडतो म्हणून हळहळू नका, तो तसाही मोडलेलाच आहे. एसटीने जायचं असेल तर बशी जुन्या साडीच्या तुकड्यात दोनदा गुंडाळा, डब्यात आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवा, चोहोबाजूंनी कपडे दाबून भरा, आणि डबा डिकीत न टाकता मांडीवर घ्यायला सांगा.